तात्यांचा उपाय

सगुणाबाईनं चुलीत विळा खुपसला आणि वर दोन पऱ्हाट्या सारल्या. शेकायची वाळू कोपऱ्यातल्या डब्यात होती, तिला तिनं हातही लावला नाही. बाहेर ओट्यावर बसलेल्या तात्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं.

तात्या म्हणजे शेजारचे दत्तराव. बैल लंगडू दे, शेळीचा पाय सुजू दे, गाव आधी त्यांच्याच दारी जायचं. ते सळई तापवायचे, दुखऱ्या सांध्यावर टेकवायचे, आणि जनावर कळवळून उठलं की मिशीवरून हात फिरवायचे. आज मात्र त्यांचाच उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता. सगुणाबाईकडून तो शेकून घ्यायला सून मनिषा त्यांना खांद्याचा आधार देत घेऊन आली आणि ओट्यावर टेकवून शेताला गेली.

"सगुणा, वाळू लय कडक नको करू बरं का," तात्या बाहेरून म्हणाले. "कातडं नाजूक झालंय माजं आता."

"न्हाई करत, तात्या."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, दुहेरी गोधडीवर सुलतान पडला होता. तेरा वर्षांचा कुत्रा, तोंड पांढरं झालेलं, मागच्या दोन्ही पायांत संधिवात. कमरेवर तीन काळे चट्टे होते. तिथे पुन्हा केस उगवले नव्हते. दिवाळीत सगुणाबाई लेकीकडे जिंतूरला गेली, तेव्हा सुलतानचं कण्हणं तात्यांना ऐकवेना. त्यांनी त्याचं तोंड बांधलं आणि डाग दिले. ती एसटीतून उतरली तर तात्या फाट्यावरच उभे. मोठ्या कौतुकानं म्हणाले, "उठत नव्हतं ना तुजं कुत्रं? डाग बसला तसं वेशीपर्यंत पळालं बग. गुण आला."

त्या दिवसापासून सुलतान माणसाच्या हाताला बिचकायला लागला. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. वजन वाढू देऊ नका, रोज थोडं चालवा, निजायला मऊ द्या, सांधे शेका, असं बजावलं. गोळी भाकरीत दडवून द्यायला सगुणाबाई दोन दिवसांत शिकली. पण त्यानं तिच्या हाताखाली कंबर द्यायला दोन महिने घेतले. रोज सकाळी ती वाळूची पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून बघायची, मग त्याच्या सांध्याला. परवापासून कुठे तो शेकताना डोळे मिटायला लागला होता, तेही फक्त तिच्या हाताला. सगुणाबाईला त्या मिटल्या डोळ्यांएवढं अप्रूप कशाचंच नव्हतं. आणि तात्यांएवढा राग कुणाचाच नव्हता.

तो राग तिनं दोन महिने कुणाला दाखवला नव्हता. आज तात्या आपण होऊन दारात आले होते, तेही लंगडत. एवढी चालून आलेली संधी सोडायला ती काही संत नव्हती.

विळा लाल झाला. पदरानं मूठ धरून ती बाहेर आली.

"धोतर वर घ्या, तात्या."

तात्यांनी धोतर गुडघ्याच्या वर घेतलं आणि डोळे मिटले. ऊब जवळ आली तसा त्यांचा चेहरा सैल झाला. मग ऊब जरा जास्तच जवळ आली. त्यांनी डोळे उघडले.

"हे काय गं?"

"वाळूनं काय व्हायलंय? डागच पाहिजे. तुमीच म्हणताव ना, सांधा मोकळा होतो म्हणून."

"अगं, ते जनावराला." तात्या मागं सरकले. मागं भिंत होती. "माणसाला आन् जनावराला सारखंच असतंय व्हय?"

"त्याचं तोंड बांधलं होतं तुमी. न्हाई तर त्यानं बी कायतरी इचारलंच असतं."

तिनं विळा आणखी बोटभर पुढे नेला. गुडघ्यावरचे पांढरे केस आखडले, करपल्याचा वास सुटला. तिला वाटलं होतं, इथवर आलं की हात आपोआप थांबेल. हात थांबायला तयार नव्हता, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

तात्या उठले. ज्यांना उठायला सून लागत होती ते एका उडीत ओट्याखाली आले. काठी राहिली, एक चप्पल राहिली, आणि तात्या धोतर सावरत थेट पारापर्यंत पळाले.

"पळाले बगा," सगुणाबाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "गुण आला."

समोरच्या घरात कुणीतरी खुदकन हसलं. तिनं विळा बादलीत बुडवला. चर्र आवाज झाला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचा जीव थंड झाला. ती हसत मागे वळली.

"बगितलंस का, सुलतान?"

गोधडी रिकामी होती.

सुलतान अंगणाच्या पार टोकाला, बैलगाडीखाली होता. ज्याला ओट्याची पायरी उतरवून द्यावी लागायची तो तिथवर पळत गेला होता, आणि आता चाकाआड अंग चोरून थरथरत होता.

तिनं घाईनं वाळू तापवली, पुरचुंडी बांधली, गालाला लावून पाहिली. मग मातीत गुडघे टेकून तिनं गाडीखाली हात घातला.

"ये राजा. मी हाय."

सुलताननं तिच्या हाताचा वास घेतला. मग शेपूट पोटाशी धरून तो आणखी आत सरकला.

ती तशीच बसून राहिली, हात पुढे करून. पुरचुंडीतली वाळू हळूहळू निवत गेली.