गुरुवारची सुट्टी

संस्थेच्या मॅडमनी छापील कागदावरचा शेवटचा प्रश्न वाचला. "मुख्य बाई नसताना हे काम पुढे चालेल का?"

"नाही चालणार," सहादेव म्हणाला. "इंदूशिवाय नाहीच."

"बघते थोडा वेळ. मग लिहिते."

सहादेवची बायको इंदूबाई वारून दोन महिने झाले होते. खारी गावातली ही बालवाडी तिने बारा वर्षं चालवली, घराच्या पुढच्या खोलीत. मॅडमचा शेरा चांगला आला तरच संस्था पुढच्या वर्षी मदत देणार होती. नाहीतर बालवाडी बंद. सहादेवला ती बंदच व्हायला हवी होती. बायको गेली आणि कोणाचं काहीच अडलं नाही, हे त्याला बघवत नव्हतं.

पोरं आली. चपला ओळीत लावल्या. डब्यात एकेक शिंपला टाकून हजेरी दिली. इंदूच्या हाताखालच्या दोघींपैकी मंदाने गाणं धरलं, सुलूने उसळ वाढली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. सहादेव दाराशी बसून मान खाली घालून ऐकत राहिला.

मॅडमना नवल वाटलं. "दोन महिन्यांत एवढी घडी बसवलीत?"

"दोन म्हैने न्हाय, वरीस लागला," मंदा म्हणाली. "आजार कलला तवापासून बाई गुरुवारी यायच्याच न्हाय. बोलायच्या, आज मी मेले समजा आन् चालवा. पोरा रडायची, आमी चुकायचो. बाई भिंतीच्या पल्याड, पन डोकवायच्या न्हाय."

गुरुवारी सहादेवच्या कारखान्याला सुट्टी असायची. ती आपल्यासाठी आतल्या खोलीत थांबते, असं तो वर्षभर समजत होता. ती खाटेवर पडून त्याला स्टोव्हपाशी बसवायची. तो कुरकुरायचा, "सुट्टीच्या दिवशीपण राबव मला." ती हसायची. "फोडणी जळतेय बघा. आणि मिठाचं मला विचारू नका. तुमचं तुम्ही टाका."

"मग काय लिहू, दादा?" मॅडमनी विचारलं.

सहादेवने आतल्या खोलीकडे बघितलं.

"चालतंय म्हणून लिहा."

आतल्या खोलीत आमटी झाकून ठेवलेली होती. सकाळी त्यानेच केली होती, एकट्याने. मीठ बरोबर पडलं होतं.