पांढरा सदरा

एक जानेवारीला चहा पिता पिता घरातल्या सगळ्यांनी वर्षाचे संकल्प जाहीर केले. प्रीतमनं जिम लावली. त्याच्या बायकोनं, दीक्षानं, साखर सोडली. सासरे भैय्याजी म्हणाले, "मी तर्री-पोहे खाईन."

दीक्षा हसली. "बाबा, लोक सोडून राहिले अन् तुम्ही धरून राहिले?"

"भीमजयंतीले खाईन. बर्डीच्या ठेल्यावर, उभ्यानं. पांढरा सदरा घालून."

कांताबाईंनी नवऱ्याच्या गळ्याशी बांधलेला नॅपकिन सोडला, त्यांचं तोंड पुसलं आणि कप उचलला. लकवा मारल्यापासून त्यांना घास त्याच भरवत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून भैय्याजी चमच्यानं या वाटीतले मुरमुरे त्या वाटीत टाकू लागले. सांडायचेच जास्त. कांताबाई वेचून पुन्हा वाटीत भरून द्यायच्या.

भीमजयंतीच्या सकाळी ठेल्यावर भैय्याजींनी डाव्या हातात लालभडक रस्सा ओतलेल्या पोह्यांची प्लेट धरली, उजव्या हातात चमचा. चमचा थरथरला. कांताबाईंचा हात सवयीनं पुढे गेला. मग त्यांनी तो पदराखाली लपवला आणि रस्त्यावरच्या गर्दीकडे बघत राहिल्या.

घरी आल्यावर दीक्षानं कपाळाला हात लावला. "आई, सदरा तर पुरा तर्रीनं माखला! द्या इकडे, लगेच भिजवते."

कांताबाईंनी सदरा दिला नाही.

"राहू दे वं. सोताच्या हातानं पाडले त्याईनं हे डाग."