कोपऱ्यातला अंगठा

“फोटो खोटा आहे,” रीता मॅडम म्हणाल्या. साकोलीच्या निराधार आश्रमाच्या त्या व्यवस्थापक. त्यांच्या कॉम्प्युटरवर लाल फुली उमटली होती.

फोटोत बायकोला न्यायला आलेला इश्वर आणि ती हरवलेली बायको सुलोचनाबाई काश्मीरच्या बर्फात खांद्याला खांदा लावून उभे होते.

“काश्मीरला कधी गेला होता?”

“आमी नाही गेलो जी. स्टुडिओवाल्यानं धाडलं.”

मॅडम हसल्या नाहीत. मागच्या महिन्यात कोणी असाच जुळवलेला फोटो दाखवून भलत्याचीच म्हातारी घेऊन गेलं होतं. तेव्हापासून नियम निघाला. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोत डोळ्यांना न दिसणारी खूण पेरतो. कापाकापी केली की ती मोडते. खूण शाबूत असलेला नवरा-बायकोचा फोटो दाखवा, माणूस न्या. सुलोचनाबाईच्या आधार कार्डावर अजून बापाचंच नाव होतं. तिला तर स्वतःचं गावही आठवत नव्हतं. बाजारात इश्वर तंबाखू घ्यायला वळला, तेवढ्यात ती भलत्याच बसमध्ये चढली होती आणि या आश्रमात पोचली होती.

इश्वरनं मोबाइलच पुढं केला. धानात इश्वर. बैलाजवळ इश्वर. नव्या सदऱ्यात इश्वर. सगळ्यांवर हिरवी खूण आली. सगळे खरे.

“यांत बाई कुठं आहेत?”

“थे कशी दिसन जी? फोटो तेच काढे.” त्यानं प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यातला धुरकट डाग दाखवला. “हा तिचा आंगठा. किती सांगतलं, आडवा येते मनून. आयकेच नाही.”

स्टुडिओवाल्यानं सगळ्यात आधी तोच कापला होता.

मॅडमनी सुलोचनाबाईला बोलावलं. ती आली, इश्वरकडं न बघता बाकावर बसली. मॅडमनी इश्वरच्या मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो तिच्या हातात दिला. तिनं तो लगेच डोळ्यांसमोर धरला. अंगठा बरोबर कोपऱ्यावर आला.

“थोडंसं हासा ना जी!”

इश्वर हसला. फार दिवसांनी हसला, त्यामुळं जरा वाकडंच हसला.

मॅडमनी फोटो तपासला. हिरवी खूण. कोपऱ्यात अंगठा. त्यांनी सहीसाठी कागद पुढं सरकवला.

दारात सुलोचनाबाई थबकली. मॅडमच्या कानाशी लागली. “फोटो तं चांगला आला बाई. पन हे बुढे कोन होत?”

जन्मभर तिला अगं-तुगं करत आलेल्या इश्वरनं ते ऐकलं, तिची पिशवी उचलली.

“फोटोतला मानूस आहो, बाई,” तो म्हणाला. “चाला, तुमाले घरी सोडून देतो.”