अंगठा वर

सिद्धीने अंगठा वर केला.

शंतनु लगेच तिच्यासोबत पाण्याबाहेर आला. तोंडातली नळी काढून ती म्हणाली, "मला नाही जमणार हे स्कूबा-बिबा. तू एकटा जा ना समुद्रात."

"एकटं नाही जायचं असतं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

व्हाइटफील्डच्या त्या पोहण्याच्या तलावावर शिकवणारा अजित हसला. "स्वल्प स्वल्प जमेल, अक्का."

नियम

पाण्याखाली बोलता येत नाही. अंगठा वर म्हणजे बस झालं, वर चल. जोडीदाराने तसाच अंगठा दाखवायचा आणि निघायचं. का, हे विचारायचं नाही.

तो जून होता. डिसेंबरात नेत्राणी बेटापाशी समुद्रात उतरायचं, असं शंतनुने ठरवलं होतं. सिद्धीला पाण्याची भीती. दर रविवारी तिचा अंगठा वर जायचा. तो एकदाही कुरकुरला नाही. वर यायचा, टॉवेल द्यायचा.

घरी

बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये जेवतानाही तो खुणांचा सराव घ्यायचा. ऑफिसच्या कॉलवर बोलून घसा बसलाय, म्हणायचा.

"भाजीत मीठ कमी आहे, हे कोणत्या खुणेने सांगू?" सिद्धीने एकदा विचारलं.

तो हसला. हसता हसता खोकला. मग पुढ्यातलं ताट सारून त्याने अंगठा वर केला.

"का रे? काय झालं?"

त्याचा चेहरा उतरला. "का नाही विचारायचं, सिद्धी. एवढं एक शीक. बाकी काही नाही आलं तरी चालेल."

डिसेंबर

समुद्र निवळ आहे, कधी येताय, असा अजितचा मेसेज आला तेव्हा सिद्धी हॉस्पिटलच्या खोलीत होती. शंतनुच्या गळ्यात नळी होती. सप्टेंबरातल्या ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर आवाजही गेला होता. आता गाठ परत आली होती.

आणखी एक ऑपरेशन करू, थोडे महिने मिळतील, असं डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन केलं तरी ती परत येऊ शकते, हे मी ह्यांना जूनमध्येच सांगितलं होतं."

जूनमध्ये.

शंतनुने मानेनेच नकार दिला. त्याचा मोठा भाऊ बिंदुमाधव रडवेला झाला. "सिद्धी, तुझं ऐकेल तो. का नको म्हणतोय, विचार तरी."

शंतनु तिच्याकडे बघत होता. चादरीवरचा त्याचा हात हळूहळू उचलला गेला, मूठ वळली.

सिद्धीने अंगठा वर केला.