तपासणीतून सूट

धारच्या एका संस्थेत वैभवी सिकलसेलच्या रक्ततपासणीचं काम बघायची. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात दोष असला तर आजार बाळाच्या वाट्याला येऊ शकतो, म्हणून मनावर तालुक्यातल्या गावांत लग्नाआधीच ही तपासणी व्हायची. रिपोर्टचं जुनं सॉफ्टवेअर अँटिव्हायरस रोज अडवायचा. वैतागून तिने चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. कंप्युटर सुरू झाला की त्या सॉफ्टवेअरचं फोल्डर आपोआप तपासणीतून वगळलं जायचं.

"चला विक्रमभिया, रोजची झंझट मिटली," ती शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणाली.

महिन्याभरात एक व्हायरस नेमका त्याच फोल्डरमध्ये शिरला. अँटिव्हायरसने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळे रिपोर्ट गेले, अजून कळवायचे राहिलेलेसुद्धा. नव्याने तपासणीची मंजुरी यायला वर्ष लागलं.

वैभवी पुन्हा गावात गेली. पहिल्याच घरी सुमलीच्या आईने तिला ओळखलं आणि अंगणात खाट टाकली.

"काकी, सुमलीचं रक्त परत घ्यावं लागेल. आधीचा रिपोर्ट आमच्याकडून हरवला."

"हरवला? पण बाई, तुम्हीच बोलल्या होत्या ना, नवऱ्यामुलाच्या रक्तात दोष आहे, सुमलीच्याही निघाला तर फोन करू म्हणून?"

"हो."

"फोन आला नाही, म्हणून आम्ही लग्न लावून दिलं."

बाळंतपणाला माहेरी आलेली सुमली सावकाश बाहेर आली, वैभवीसमोर बसली आणि हसून तिने हात पुढे केला.