मिस ओडेसाची सही

पाचवा मजला चढून आमदार लायनेल व्हिटफिल्ड मिस ओडेसाच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याने चौकटीचा आधार घेतला. लिफ्ट फेब्रुवारीपासून बंद होती. अठ्ठावीस वर्षांच्या आमदारकीत तो हा जिना पहिल्यांदाच चढला होता, आणि तोही हरल्यावर.

"काल तीनशे चाळीस मतांनी पडलो," धापा टाकत तो म्हणाला. "नुसत्या तुमच्या या तीन इमारतींनी तिला चारशे मतं दिली. मिस ओडेसा, तुम्ही तर माझ्या होतात ना?"

एकाहत्तर वर्षांच्या ओडेसा प्रूइटने त्याला आत या म्हटलं नाही.

'ती' म्हणजे यानिरा बेल्त्रे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या आजाऱ्यांची सेवा करणारी, स्वतःला उघडपणे लोकशाही समाजवादी म्हणवणारी. ब्राँक्सच्या आमच्या भागात नोव्हेंबरची निवडणूक नावापुरतीच. जूनमध्ये पक्षातल्या पक्षात जो जिंकतो, तोच आमदार. आणि जूनमध्ये व्हिटफिल्डसमोर आजवर कोणी उभंच राहिलं नव्हतं. खरं म्हणजे, राहू दिलं नव्हतं.

त्याची रीत ठरलेली. उभं राहायचं तर पक्षाच्या पाचशे मतदारांच्या सह्या लागतात. नवखा उमेदवार दारोदार वणवण करून त्या गोळा करतो. मग व्हिटफिल्डच्या क्लबच्या, म्हणजे त्याच्या पक्ष-कार्यकर्त्यांच्या अड्ड्याच्या, मागच्या खोलीत त्याची माणसं कॉफी पीत ते कागद पुढे ओढतात आणि एकेक नाव उडवतात. ही सही बनावट. हा या पत्त्यावर राहत नाही. ही बाई तर मेली. खरंखोटं बघायला कोणी कोणाच्या दारी जात नाही. दोनतीनशे नावं अशी उडाली की उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर येतच नाही आणि साहेब बिनविरोध. याला आमच्याकडे निवडणूक म्हणतात!

यंदा त्यांनी मिस ओडेसाचं नाव उडवलं.

क्लब सुरू झाला तेव्हापासूनची ही कार्यकर्ती. गेल्या वर्षी तिला पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात थरथरायला लागला, पण क्लबातून एक फोन आला नाही. लिफ्टसाठी तिने साहेबांना चार पत्रं पाठवली. उत्तरादाखल साहेबांच्या फोटोचं कॅलेंडर आलं. मार्चमध्ये यानिरा पाच मजले चढून आली. ओडेसाने तिला पाणी दिलं, बसवलं आणि कागदावर सही केली. "मत मी लायनेललाच देणार," तिने वर बजावलं, "पण तू उभी तरी राहा, पोरी."

ती सही बनावट ठरल्याचं कळलं, तेव्हा ओडेसा काठी टेकत निवडणूक मंडळाच्या सुनावणीला गेली. "मी ओडेसा प्रूइट. ही सही माझी आहे," तिने सांगितलं. व्हिटफिल्डच्या वकिलाने चाळीस वर्षांपूर्वीची तिची मतदार नोंदणी पुढे सरकवली. मान वर न करता तो म्हणाला, "बाई, तुमची सही अशी नसते."

तिची सही कशी असते, हे तो तिला शिकवत होता! जिवंत बाई समोर उभी, आणि हा गृहस्थ कागदाला विचारतोय ती कोण ते. शेवटी अधिकाऱ्याने तिला तिथेच सही करायला लावली. तशीच वेडीवाकडी अक्षरं उमटली. यानिरा अकरा सह्यांनी वाचली आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मतपत्रिकेवर दोन नावं आली.

"एका सहीचा एवढा राग?" व्हिटफिल्ड म्हणाला. "ते वकिलाचं काम. मला काय माहीत? एक फोन करायचा होतात."

"केला होता. तुझ्या ऑफिसातल्या बाईने मला माझं नाव तीनदा विचारलं."

"आणि म्हणून या वयात समाजवादी झालात? बस फुकट देते म्हणे, घरभाड्याची वाढ बंद करते म्हणे! तोंडाला येईल ते बोलते ती."

"बस फुकट मिळाली तर मी काय रडत बसू, लायनेल बाळा?"

तो लाल झाला. कालपासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तीन आठवडे तुम्ही काठी घेऊन या इमारतींतलं दार न् दार वाजवलंत. माझ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय. मी तुमचं काय वाकडं केलं होतं, की तुम्ही तिच्यासाठी मतं मागत फिरलात?"

"फिरले. पण तिचं नाव एकदाही घेतलं नाही. तुझंही नाही. मत कोणाला द्या, हे मी कोणालाच सांगितलं नाही."

"मग सांगितलंत तरी काय? वीस वीस वर्षं मतदानाला न फिरकलेले लोक काल सकाळी सहापासून रांगेत होते!"

ओडेसाचा आवाज खाली आला. राग तसाच होता, फक्त तो आता एकट्या त्याच्यावर नव्हता.

"एवढंच सांगितलं, की इतकी वर्षं दर निवडणुकीला तुमचं नाव खोटं म्हणून क्लबात बसून ज्या बाईने खोडलं, ती मी. आणि तुम्ही इथे जिवंत आहात, हे खोडताना मला माहीत होतं."