कोरडी समिती

“तुमच्यापैकी पोहता कोणाकोणाला येतं?” पाहणीला आलेल्या नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं.

तलाव बचाव समितीनं एकदम आकाशाकडे पाहिलं, जणू उत्तर तिथून पडणार होतं. सचिवांनी चष्मा पुसायला काढला. खजिनदारांना खोकल्याची उबळ आली. अध्यक्ष तेवढे छाती काढून उभे राहिले, पण पोहण्याच्या तलावाच्या काठापासून चांगले लांब. पाण्याची त्यांना लहानपणापासून भीती वाटे.

“पोहणं हा प्रश्नच नाही, साहेब,” अध्यक्ष म्हणाले. “प्रश्न गावाच्या अस्मितेचा आहे.”

साहेबांनी मागं उभ्या असलेल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाच्या हातात नवंकोरं कुलूप होतं. तलावाचा वापर दिसला तर तो राहील, दुरुस्तीही होईल. नाही दिसला तर आजच दाराला कुलूप आणि पुढं त्या जागी गाड्यांचा तळ, हे साहेबांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. आणि आत्ता, भर दुपारी, अख्ख्या तलावात एक वाळकं पान तेवढं पोहत होतं.

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. या तलावासाठी त्यांनी काय काय केलं नव्हतं? भाषणं ठोकली होती. स्वतःचा हसरा फोटो असलेले फलक चौकाचौकात लावले होते. ‘तलाव वाचवा’ छापलेल्या कापडी पिशव्या काढल्या होत्या. त्या कोणी फुकटही नेल्या नाहीत, म्हणून घरी पलंगाखाली गठ्ठ्यानं पडल्या होत्या. बैठका तर जवळजवळ रोजच, दुपारी, त्यांच्याच दिवाणखान्यात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ते सगळे पाषाण त्या सोफ्यावर ओळीनं बसत. चहा थर्मासमध्ये तयार असे. अध्यक्षांची बायको तेवढ्या वेळात पलंगाखालची एक पिशवी घेऊन बाहेर पडायची. भाजीला जात असणार. अध्यक्षांनी कधी विचारलं नव्हतं. पिशवीतून भाजी मात्र फारशी निघायची नाही. बायकांना भाव करता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

“आमच्या सुधारणा तरी ऐकून घ्या,” अध्यक्ष म्हणाले आणि सांगत सुटले. काठाला ग्रॅनाइट. मधोमध कारंजं. पाहुण्यांसाठी गॅलरी. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत समितीचं कार्यालय. दुपारची महिलांची वेळ रद्द करून ती मान्यवरांसाठी राखीव. दारात संगमरवरी पाटी. तिच्यावर कोणाचं नाव, ते त्यांनी विनयानं सांगितलं नाही.

“महिलांची वेळ का रद्द?”

“त्या वेळेला इथं काळं कुत्रं फिरकत नाही, साहेब. आम्ही जातीनं पाहणी केली. ऐन वेळेत येऊन पाहिलं. एक बाई दिसली तर शपथ!”

“आत जाऊन पाहिलंत?”

“आत कसे जाणार?” अध्यक्षांना साहेबांच्या अकलेची कीव आली. “महिलांची वेळ ना ती! दाराला पडदा असतो.”

“आतून आवाजबिवाज?”

“पाण्याचा येत होता. नळ गळतोय कुठंतरी. म्हणून तर दुरुस्ती मागतोय.”

साहेब काही बोलणार एवढ्यात तलावाची राखण करणारी मावशी खांद्यावर जाड पडदा टाकून आली.

“चला, पुरुष मंडळी बाहेर. बायकांची वेळ झाली.”

“अहो मावशी, हे कोण आहेत माहीत आहे का?” सचिव ओरडले.

“कोणी का असेनात. पुरुषच आहेत ना?”

साहेब मुकाट्यानं बाहेर निघाले, तशी समितीही निघाली. मावशीनं दाराला पडदा अडकवला. समिती वळून बघते तर बाहेर गल्ली भरलेली. रात्रपाळी करणारी नर्स, डोळे चोळत आलेली. शाळा सुटल्या सुटल्या धावत आलेली मास्तरीण. दोन जावा, एकमेकींना चिमटे काढत. एका आजीनं काठी मावशीच्या हातात दिली आणि ती भिंत धरून आत गेली. पाण्यात तिला काठी लागत नसे. समितीला कोणी ओळखलंही नाही. ‘जरा सरका’ एवढंच म्हणत सगळ्या आत गेल्या.

मग आतून एक दणदणीत उडी ऐकू आली. पाठोपाठ हसण्याचा गलका.

“नळ बराच गळतोय,” साहेब म्हणाले आणि कारकुनाला त्यांनी कुलूप पिशवीत टाकायला सांगितलं.

तलाव वाचला होता. अध्यक्षांनी घाम पुसला. या यशाबद्दल घरी गेल्यावर बैठकीत आपल्या अभिनंदनाचा ठराव कोणी मांडावा, याचा विचारही त्यांनी सुरू केला. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आणखी एक बाई लगबगीनं आली. तिला पाहताच अध्यक्ष झटकन सचिवांच्या पाठीमागं सरकले. बाईच्या हातात समितीची पिशवी होती. ‘तलाव वाचवा’ ही अक्षरं ओल्या टॉवेलानं भिजून भिजून विटली होती.

“तुम्हीही रोज येता?” साहेबांनी विचारलं.

“रोज.”

“कधीपासून?”

“लग्नाच्या आधीपासून.”

बाईनं पडदा बाजूला केला. आत एक पाऊल टाकलं, मग थांबली आणि सचिवांच्या खांद्यामागं डोकावून म्हणाली,

“अहो, चहा थर्मासमध्ये आहे. रोजच्यासारखा.”